चौतीस टक्के म्हणजे किती?

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण सोडून इंदापूरकडे जाऊ लागले, की डाव्या हाताला उजनीचे पसरलेले पाणी अधूनमधून दिसत राहते आणि थोड्याच वेळात लोणी देवकर येते. येथे महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे आणि भोवती ऊस आहे. दिवाळीनंतर या रस्त्यावर दोन प्रकारची माणसे कामाला निघालेली दिसतात. एक, वसाहतीतल्या कारखान्यांकडे पाळीला जाणारी. दुसरी, बीड-नगर-जालन्याकडून आलेली, उसाच्या फडात पहाटेपासून वाकलेली. दोघांनाही कष्टाचे पैसे मिळतात आणि दोघांच्याही पैशांत अधूनमधून वाढ होते. परंतु ही वाढ मोजण्याच्या रीती इतक्या वेगळ्या आहेत, की एकाच गावच्या शिवारात दोन निराळी गणिते चालू आहेत असे म्हणावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय ही दोन गणिते आणि त्यांचा इतिहास हा आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या हिशेबात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की मजुरीचा इतिहास आधी शब्दांत साठलेला असतो. ‘वेतन’ हा संस्कृत शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजसेवकांच्या वेतनाची जी यादी आहे, ती अठ्ठेचाळीस हजार पणांपासून सुरू होते आणि साठ पणांपर्यंत खाली येते. त्या यादीत पायऱ्या आहेत. महागाईप्रमाणे सरकणारा आकडा मात्र नाही. ‘तनखा’ फारसीतून आला, ‘पगार’ पोर्तुगीजांकडून. ‘बलुते’ हा शब्द मात्र गावाच्या मातीतला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याची व्यवस्था तपशिलाने आली आहे, आणि दया पवारांनी १९७८ साली तोच शब्द आपल्या आत्मकथनाला दिला, तेव्हा त्यातला अपमान मराठी वाचकाला प्रथमच इतक्या स्पष्टपणे ऐकू आला. बलुत्यात ‘वाढ’ ही कल्पनाच नव्हती. पीक चांगले आले तर पेंढी मोठी, दुष्काळ पडला तर हात रिकामा. वाढ मागायची तर आधी मजुरी आकड्यात सांगता आली पाहिजे. आणि आकडा येण्यासाठी गिरणी यावी लागली.

मुंबईच्या कापड गिरण्यांत वाढीचे गणित पहिल्यांदा सार्वजनिक वादाचा विषय झाले. पहिल्या महायुद्धात धान्य आणि कापड महागले. गिरणीमालकांनी मूळ दर वाढवले नाहीत. त्यावर ‘महागाई’ म्हणून निराळा भत्ता दिला. १९२० अखेरीस हा भत्ता युद्धापूर्वीच्या दरांवर, ठरावीक पगारावरच्या पुरुष कामगारांना सत्तर टक्के आणि अंगावर काम करणाऱ्यांना ऐंशी टक्के असा झाला होता. ‘पगार’ आणि ‘भत्ता’ ही फाळणी वरवर कारकुनी वाटते, परंतु तिच्यात सगळे राजकारण आहे. पगार एकदा वाढला की तो माणसाचा होतो. भत्ता हा परिस्थितीचा असतो. परिस्थिती बदलली असे म्हणून तो काढून घेता येतो.

आणि तसेच झाले. १९२५ साली मालकांनी कपात जाहीर केली ती साडेअकरा टक्क्यांची. हा चमत्कारिक आकडा कोठून आला? भत्त्यातले वीस टक्के कमी करायचे असे ठरले. ज्याला शंभरावर सत्तर मिळत होते त्याचे एकशे सत्तर होत. ज्याला ऐंशी मिळत त्याचे एकशे ऐंशी. यांतून वीस काढले तर एकाची कपात पावणेबारा टक्के भरते आणि दुसऱ्याची अकरा टक्क्यांहून थोडी अधिक. मधला आकडा साडेअकरा. कामगाराच्या दृष्टीने मात्र हे वीसही नव्हते आणि साडेअकराही नव्हते. महिन्याच्या अखेरीस वाण्याची उधारी किती फिटत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. शेवटी सरकारने गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर तहकूब केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. १९२८ चा सहा महिन्यांचा संप, फॉसेट समिती, १९४० मध्ये पुन्हा महागाई भत्त्यासाठी झालेला संप आणि न्यायमूर्ती रांगणेकरांचे मंडळ हे सारे या एकाच वादाचे पुढले अंक होत. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीतली गिरणी आपल्याला ठाऊक असते; त्या धोट्याच्या प्रत्येक फेरीला लावलेला दर मात्र आपण सहसा वाचत नाही.

या वादातून एक महत्त्वाची गोष्ट निघाली: मोजपट्टी. मुंबई सरकारने १९२१ साली मजूर कचेरी उघडली आणि कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. जुलै १९१४ चा खर्च शंभर धरायचा आणि आज तो किती झाला ते सांगायचे. यापुढे ‘महागाई झाली’ हे भांडण न राहता आकडा झाला. अर्थात आकडा झाला म्हणून भांडण संपले नाही. ते आकड्याच्या आत गेले. टोपलीत कोणते धान्य धरले, भाव कोणत्या दुकानातले घेतले, जुनी मालिका बंद करून नवी सुरू करताना दोहोंना जोडणारा गुणक कोणता धरला, यावर हजारो घरांचा भत्ता अवलंबून राहू लागला. १९६३ साली मुंबईच्या निर्देशांकाविषयी कामगारांनी जोरदार तक्रार केली. अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निर्देशांक प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी दाखवतो, हे कामगारांचे म्हणणे खरे ठरले आणि तो दुरुस्त करावा लागला. चाळीत राहणाऱ्या माणसाने सांख्यिकीवर आक्षेप घ्यावा आणि तो बरोबर निघावा, ही आपल्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना आहे. तिच्यावर एखादी कथाही लिहिली गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसरी मोजपट्टी १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेची. केवळ पूर्वीपेक्षा किती जास्त, असे न विचारता माणसाला किती लागते, असे तिने विचारले. कुटुंबात उपभोगाची तीन एकके, डॉ. ॲक्रॉइड यांच्या मानाने प्रत्येकी रोज २७०० कॅलरींचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के. पुढे १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के त्यात घातले. म्हणजे वाढ मोजायच्या दोन रीती झाल्या. एक मागे वळून पाहते: भाव किती चढले? दुसरी समोर पाहते: जगायला काय लागते?

आता आपल्या, म्हणजे शिक्षकी पेशातल्या, वाढीकडे पाहू. सातव्या वेतन आयोगाने २.५७ हा गुणक दिला तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटले, की पगार अडीचपट झाले. स्टाफरूममध्ये सर्वांना ठाऊक होते की तसे नाही. १ जानेवारी २०१६ रोजी महागाई भत्ता १२५ टक्के होता; म्हणजे शंभराचे दोनशे पंचवीस आधीच हाती येत होते. २५७ ला २२५ ने भागले की खरी वाढ निघते ती सुमारे चौदा टक्के. आयोगाने स्वतःच हा हिशेब मांडला होता. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की दहा वर्षांत चढलेली महागाई आयोग येण्यापूर्वीच, दर सहा महिन्यांनी, भत्त्याच्या रूपाने बऱ्याच अंशी भरून आलेली होती. चौदा टक्के हे त्याच्या वर होते. आपल्याला ‘वाढ’ हा शब्द या अर्थाने वापरायची सवय आहे, आणि म्हणूनच फडातल्या वाढीचा आकडा ऐकताना आपली फसगत होते.

लोणी देवकरच्या वसाहतीतल्या कामगाराचे गणितही निदान कागदावर आपल्यासारखेच आहे. महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबर जो विशेष भत्ता असतो, तो निर्देशांकाशी बांधलेला असून जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. कंत्राटी कामगाराच्या हाती तो नेहमी पूर्ण पडतो असे नव्हे. पण मागण्यासाठी एक कायदेशीर आकडा असतो. साखर कारखान्याच्या आतल्या कामगारालाही इतिहासाने काही दिले. याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगरची साखर १९३० च्या दशकातली. पुढे बारामती-इंदापूर पट्ट्यात सहकारी कारखाने उभे राहिले. १९५७ साली साखर उद्योगासाठी मध्यवर्ती वेतन मंडळ नेमले गेले, आणि नंतर राज्यात त्रिपक्षीय समितीचे करार होत आले. २०२१ साली १२ टक्के, २०२५ साली १० टक्के अशा वाढी झाल्या. महागाई भत्त्याची तरतूद त्यांहून निराळी.

कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र हा इतिहास थांबतो. ऊस तोडणारा माणूस कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. तो मुकादमाचा, मुकादम वाहतूकदाराचा, आणि पैसा त्याच पायऱ्यांनी खाली उतरतो. त्याला पगार नाही, दर आहे. त्याची गणती माणूस म्हणूनही होत नाही. होते ती ‘कोयता’ म्हणून. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा आला तर अर्धा. व्याकरणाच्या दृष्टीने हे लक्षणेचे उदाहरण आहे आणि हिशेबाच्या दृष्टीने एक सोय: दोघांची मजुरी एका नावावर जमा होते, आणि बाईच्या वाट्याचा आकडा कोठेच लिहिला जात नाही.

हा दर ठरतो कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्या करारात. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यापासून या वाटाघाटींना राजकीय चेहरे लाभले. अलीकडच्या काळात लवाद म्हणून शरद पवार आणि पंकजा मुंडे यांची नावे आली. २०१५ साली २० टक्के वाढ झाली, ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के, आणि जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के. या शेवटच्या करारात मुकादमाचे कमिशनही एका टक्क्याने वाढले. चौतीस हा आकडा मोठा आहे. सातव्या आयोगाच्या चौदापुढे तर तो डोळे दिपवतो. आता तो उलगडून पाहू.

२०२० च्या वाढीनंतर तोडणीचा मूळ दर टनाला सुमारे २७३ रुपये झाला. त्यावरून मागे गेले तर १४ टक्क्यांपूर्वीचा, म्हणजे २०१५ च्या करारातला, दर २४० रुपयांच्या आसपास निघतो. पुढे गेले तर ३४ टक्क्यांनंतरचा दर सुमारे ३६६. या दरांना भत्त्याची जोड नाही. म्हणून त्यांच्याशेजारी महागाईचा आकडा आपणच मांडायला हवा. देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक, २०१२ हे वर्ष शंभर धरून, ऑक्टोबर २०१५ मध्ये १२६ च्या आसपास होता, ऑक्टोबर २०२० मध्ये १५८ आणि जानेवारी २०२४ मध्ये १८५. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत भाव पंचवीस टक्क्यांनी चढले आणि दर चौदांनी. ‘वाढ’ झाल्याच्या दिवशीच मजुराची मजुरी, विकत घेण्याच्या शक्तीने मोजली तर, २०१५ पेक्षा नऊ टक्क्यांनी कमी होती. ती तशीच गोठून राहिली आणि भाव पुढे चालले. २०२४ च्या करारापूर्वी ही घट बावीस टक्क्यांवर गेली होती.

आता उलट दिशेने विचार करू. २०१५ चे २४० रुपये २०२४ च्या भावात टिकवून धरायचे, एक पैसाही न वाढवता, तर किती लागतील? सुमारे ३५२. करार झाला ३६६ चा. म्हणजे सवाआठ वर्षांची खरी वाढ टनामागे चौदा रुपये, जेमतेम चार टक्के. चौतीसपैकी जवळपास एकोणतीस टक्के ही वाढ नव्हतीच; ते मागचे देणे होते, आणि तेही तुंबलेल्या वर्षांचा फरक न देता. आपल्या आयोगात ‘फरक’ नावाची जी गोड गोष्ट असते, तिला फडात प्रतिशब्द नाही.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. ३४ टक्के कमी आहेत असे म्हणणे म्हणजे करार करणाऱ्यांवर अन्याय नव्हे काय? मला तसे म्हणायचे नाही. तो करार मागल्या करारापेक्षा निश्चित चांगला होता, आणि मुदतही तीन वर्षांची ठेवणे हा कमी लेखण्यासारखा फायदा नाही, कारण दर जितका कमी काळ गोठेल तितकी घट कमी. दोष टक्क्यांत नसून रचनेत आहे. ज्या मजुरीला निर्देशांकाची दोरी नाही, तिला दर करारात आधी खड्डा भरावा लागतो आणि मग उरलेल्याला वाढ म्हणावे लागते.

शिवाय टक्के हे दराचे असतात, मिळकतीचे नव्हेत. मिळकत म्हणजे दर, टन आणि दिवस यांचा गुणाकार. एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असे सोयीसाठी धरू. दीडशे दिवसांच्या हंगामात ३०० टन. जुन्या दराने ८१,९०० रुपये, नव्या दराने १,०९,८००. आता यात ‘उचल’ आणू. हंगामापूर्वी घेतलेली ही आगाऊ रक्कम एक लाख असेल, तर जुन्या दराने ती फेडायला ३६६ टन तोडावे लागत, नव्याने २७३. (दोन्ही दरांचे आकडे येथे जागा बदलून पुन्हा येतात हा गणिताचा योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.) म्हणजे पूर्वी अठरा हजारांची बाकी डोक्यावर घेऊन गावी जाणारे जोडपे नव्या दराने सुमारे दहा हजार हातात घेऊन जाईल. वाढीचा खरा अर्थ कोणी विचारला तर तो हा: पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे की जाऊ नये, हे ठरवण्याची थोडीशी मोकळीक.

परंतु हंगाम दीडशे दिवस चालला तर. २०२१-२२ साली ऊस अफाट होता आणि गाळप जूनपर्यंत लांबले. २०२४-२५ चा हंगाम अनेक ठिकाणी तीन महिन्यांच्या आसपास आटोपला. नव्वद दिवसांचे १८० टन, नव्या दराने ६५,८८०. म्हणजे वाढलेल्या दराने छोट्या हंगामात मिळालेले पैसे, जुन्या दराने लांब हंगामात मिळणाऱ्या पैशांपेक्षा सोळा हजारांनी कमी. चौतीस टक्के येथे आकाशातल्या ढगांत आणि शेजारच्या कारखान्याच्या हार्वेस्टरमध्ये विरून जातात. उचल मात्र हंगाम पाहून कमी होत नाही.

आणि ‘खाडा’ राहिलाच. कामावर न गेलेला दिवस म्हणजे नुसती मजुरी बुडणे नव्हे. अनेक टोळ्यांत त्याचा दंड कापला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, तीत १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यामागची कारणे एकच नाहीत. परंतु पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नाही, हे त्या बायकांनीच सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. दरवाढीच्या कोणत्याही टक्केवारीत हा आकडा बसत नाही. श्रम परिषदेच्या त्या टोपलीत धान्य, कापड, जळण होते. खाडा न पडता आजारी पडण्याचा दिवस तिच्यात घालायला हवा होता.

गंमत म्हणावी की खेद, मराठीत उसाच्या शेंड्याच्या पाल्याला ‘वाढे’ म्हणतात. तोडणी करणारी माणसे दिवसाकाठी ही वाढी जनावरवाल्यांना विकतात आणि त्या सुट्या पैशांवर मीठमिरची चालते, कारण मजुरी उचलीत वळती होत असते. कोयत्याच्या हाती रोज रोख पडते ती ही वाढी. करारातली वाढ हंगाम संपल्यावर, काट्याची आणि कपातीची गाळणी पार करून, उरली तर पोचते.

१९२५ च्या गिरणी कामगाराला साडेअकरा टक्के कोठून आले हे समजून घ्यावे लागले. १९६३ च्या कामगाराने निर्देशांकाचा गुणक तपासला. ते दोघे जिंकले, याचे कारण त्यांच्या बाजूला हिशेब मांडणारे कोणी तरी होते: संघटनेचा कार्यकर्ता, रात्रशाळेत शिकलेला जॉबर, विद्यापीठातला अर्थशास्त्रज्ञ. फडातल्या कोपीत असा माणूस अजून नियमाने पोचलेला नाही. तेथली मुले आईबापांबरोबर निम्मे वर्ष फिरतात; त्यातली काही उरलेले निम्मे वर्ष आपल्याच वर्गात बसतात. त्रैराशिक आणि शेकडेवारी आपण त्यांना सहावी-सातवीत शिकवतो, ती नफातोट्याच्या आणि नळ-हौदाच्या उदाहरणांनी. २७३ चे ३६६ झाले तर शेकडा वाढ किती, आणि भाव इतके चढले असतील तर खरी वाढ किती, हे उदाहरण त्याच धड्यात सहज बसते. पुढचा करार होईल तेव्हा त्याचा आकडा वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत येईल. तो वाचून, पाटीवर मांडून, बापाला समजावून सांगणारे एखादे पोर लोणी देवकरच्या त्या फडात असायला हवे.